फझ पेडलचं किट: सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी

फझ पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा. त्याच्या किटचं पाकीट उघडल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो: एवढंच? दोन ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, एक ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर), तीन कपॅसिटर, दोन पॉट (बटणाने फिरवायचे रेझिस्टर). हो, एवढंच. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेला आणि गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने गाजवलेला गोल डब्यातला फझ फेस, त्याच्याही पोटात जवळपास इतकाच ऐवज होता. आमचं किट त्याच सर्किटवर आहे.

सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते; आम्ही सिलिकॉनचे देतो. जर्मेनियम तापलं की त्याचा लीकेज करंट (नको तिथून झिरपणारा प्रवाह) वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरवर ठरवून ठेवलेलं व्होल्टेज) सरकतो आणि मे महिन्यात नागपुरात भर कार्यक्रमात आवाज मान टाकतो. सिलिकॉनचा आवाज जरा टोचरा, हे मान्य. म्हणून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरमधला कमी गेनचा (सिग्नल कमी वाढवणारा) 'ए' प्रकार निवडला आहे.

आता लेआउट, म्हणजे बोर्डावर कुठला पार्ट कुठे बसतो त्याचं चित्र. दुरुस्तीला आलेल्या बोर्डांवर आम्हाला पुन्हा पुन्हा एकच चूक दिसते. चित्र वरून, म्हणजे पार्ट बसतात त्या बाजूने काढलेलं आहे. तांब्याच्या पट्ट्या खाली आहेत. पट्टी कुठे तोडायची त्या खुणाही वरूनच दाखवल्या आहेत. बोर्ड उलटा केला की डाव्याचं उजवं होतं आणि भलतीच जागा तोडली जाते. भोकं मोजत बसू नका. तोडायच्या भोकातून वरून टाचणी घाला, बोर्ड उलटा करा, टोक दिसेल तिथे मार्करने खूण करा. मग ४ मिमीचं ड्रिल बिट हातानेच फिरवा. मल्टिमीटर बझरवर ठेवून तपासा. वाजला तर तांब्याचा केसभर धागा उरला आहे.

बोर्ड खराब झाला तर बाजारातून साधी झीरो पीसीबी आणू नका. तिची भोकं सुटी असतात, पट्ट्या नसतात, त्यामुळे हा लेआउट तिच्यावर जसाच्या तसा चालत नाही.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ या ट्रान्झिस्टरचा क्रम बरोबर उलटा. दुसरीकडचा लेआउट वापरत असाल तर आधी हे बघा. २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं धन टोक पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे, २२ चं फझच्या पॉटकडे. फूटस्विचच्या नऊ पायांवर आयर्न रेंगाळू देऊ नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं.

डब्यात बसवण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी जोडा. मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. ट्रिमर फिरवून ४.५ व्होल्ट आणा. पुढचं थोडं इकडेतिकडे कानाने ठरवा. आमच्यातल्या एकाला ५ च्या आसपास जास्त आवडतं.

पेडल गिटारला लागून पहिलंच ठेवा, आधी बफर (सिग्नल न बदलता पुढे ढकलणारं सर्किट, काही पेडलमध्ये असतं) नको. मग गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की आवाज छान निवळतो. अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेलाच. घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राचा लावण्याआधी त्यावरचं चिन्ह बघा. वाजवून झालं की इनपुटची केबल काढा. बॅटरीचा स्विच त्या जॅकमध्येच आहे.

आवाजच आला नाही, तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे उजेडात काढलेले फोटो आणि कलेक्टरवरचं व्होल्टेज पाठवा.