बस १४२

अलास्कातील हीली गावाच्या पश्चिमेला स्टॅम्पीड ट्रेल या जुन्या वाटेवर कित्येक वर्षे पडून असलेली फेअरबँक्स शहराची प्रवासी बस. रस्त्याच्या मजुरांना राहायला म्हणून ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे ओढत नेली होती. काम थांबले, बस राहिली; मग शिकारी तिचा आडोसा घेऊ लागले. ऑगस्ट १९९२मध्ये क्रिस्टोफर मॅककँडलेस हा २४ वर्षांचा तरुण तिच्यात उपासमारीने मेला, आणि ही गंजकी बस अमेरिकी अतींद्रियवादाच्या, म्हणजे सत्य अंतःकरणात आणि निसर्गात शोधणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील विचारधारेच्या, चर्चेत कायमची येऊन बसली.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठाची पदवी १९९०मध्ये हाती पडताच मॅककँडलेसने शिल्लक सुमारे २४,००० डॉलर ऑक्सफॅम या मदतसंस्थेला देऊन टाकले आणि घरी न कळवता तो पश्चिमेला निघाला. लेक मीडजवळ पुराच्या पाण्याने गाडी बंद पडली. ती तिथेच टाकली, जवळच्या नोटा जाळल्या, ‘अलेक्झांडर सुपरट्रॅम्प’ हे नाव घेतले. २८ एप्रिल १९९२ रोजी तो ट्रेलवर उतरला तेव्हा सोबत साडेचार किलो तांदूळ, हलकी रायफल आणि पुस्तके होती.

त्यांत अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोचे, तळ्याकाठच्या एकांतवासावरचे ‘वॉल्डन’ होते. प्रेम, पैसा, कीर्ती यांपेक्षा सत्य मागणाऱ्या ओळींजवळ मॅककँडलेसने ठळक अक्षरांत ‘सत्य’ असे लिहिले होते. अतींद्रियवादाचा गाभाही हाच: सत्य रूढीत नाही की चर्चमध्ये नाही, ते माणसाच्या अंतःकरणात आहे आणि निसर्गाच्या सान्निध्यात उमगते. अमेरिकी विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सनने १८३६मध्ये हे मांडले. ४ जुलै १८४५ला थोरो इमर्सनच्याच जमिनीवर, वॉल्डन तळ्याकाठी, राहायला गेला. मात्र त्याच्या झोपडीपासून गाव जेमतेम दीड मैलावर होते. तो गावात जाई, त्याच्याकडे पाहुणे येत, सकाळी तो गीता वाची. (दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले आहे.) ज्याला खरे रान म्हणावे ते थोरोला १८४६मध्ये मेन राज्यातील कटाडिन पर्वतावर भेटले, आणि तेथला निसर्ग त्याला परका, माणसाची पर्वा नसलेला वाटला. मॅककँडलेसने थोरोचे तळे घेतले. कटाडिनचा धसका घेतला नाही.

जुलैच्या सुरुवातीला तो परत निघाला होता. पण एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली टेकलानिका नदी बर्फाच्या पाण्याने फुगली होती. थोड्याच अंतरावर नदी ओलांडायला तारेवरचा, हाताने ओढायचा पाळणा होता. तपशीलवार नकाशा नसल्याने त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो बसकडे वळला. त्याने खाल्लेल्या रानबटाट्याच्या बियांनी विषबाधा झाली का, हा वाद अजून मिटलेला नाही. एका पुस्तकाच्या समासात त्याने लिहून ठेवले होते: सुख वाटून घेतले तरच खरे. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना मृतदेह सापडला; वजन जेमतेम ३० किलो. थोरोने तळ्याकाठचा मुक्काम हलवला तीही तारीख ६ सप्टेंबर, साल १८४७.

अनेक अलास्कावासीयांच्या लेखी हा आदर्शवाद नसून निव्वळ बेपर्वाई होती. तरी बस पाहायला लोक येतच राहिले. त्या वाटेवर २०१० आणि २०१९मध्ये एकेक जण नदीत बुडून मेला. अखेर जून २०२०मध्ये सैन्याच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. पुढे ती फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे सोपवली गेली.