गेटवेवरून बोटीवर जाताना: गाडी, भरती आणि लाइफ जॅकेट

हे पत्रक आमच्या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे. ज्यांची स्वतःची बोट आम्ही गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी, सांभाळतो ते, आणि शनिवार-रविवारी आमच्याकडून शिडाची किंवा मोटारबोट तासांवर घेणारे. बुकिंगच्या वेळी फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगतो ते इथे एकत्र लिहिलंय. जरा लांबलंय, पण घरी निवांत वाचा. धक्क्यावर उभं राहून कुणी वाचत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

आधी गाडीचं बोलू. रविवारी सकाळी आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते “पार्किंग मिळत नाहीये, दहा मिनिटांत पोचतो” असे. त्या दहा मिनिटांचा पाऊण तास होतो. मग तो पाऊण तास कुठून तरी भरून काढायचा, म्हणून जॅकेटचे पट्टे न आवळता, इंजिनाच्या कप्प्यातला पंखा न चालवता, परतीच्या वेळी पाणी किती असेल ते न बघता लोक निघायची घाई करतात. पाण्यातल्या बऱ्याचशा गडबडी कुलाब्याच्या गल्लीत सुरू होतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परदेशातल्या मरीनात गाडी लावायची, तरंगत्या धक्क्यावरून चालत जायचं आणि थेट बोटीत पाय ठेवायचा. मुंबईत ती सोय अजून नाही. इथे बोट समोर पाण्यात बोयाला, म्हणजे तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते आणि तिथपर्यंत तुम्हाला आमची डिंगी, म्हणजे छोटी होडी, नेते. रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी व्हायची आहे. ती पुरी होऊन चालू होईपर्यंत आहे त्यातच भागवायचं.

गेटवेच्या चौकात खासगी गाडी जात नाही. ताजसमोरच्या रस्त्यावर दोन मिनिटं थांबून सामान उतरवू म्हणाल तर पोलीस उभं राहू देतीलच असं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. आजूबाजूच्या गल्ल्यांत महापालिकेचं पे अँड पार्क आहे, पण तिथल्या जागा सकाळी लवकर भरतात आणि संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. रहिवाशांच्या फाटकासमोर किंवा फूटपाथला खेटून गाडी लावून पाण्यात गेलात तर परत येईपर्यंत ती टोइंगवाल्यांनी नेलेली असेल. आम्ही गाडीची किल्ली ठेवून घेत नाही, गाडी हलवायला माणूसही देत नाही. पूर्वी द्यायचो. त्यातून इतके वाद झाले की बंद केलं.

आमचा सल्ला असा की गाडी आणूच नका. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, तेव्हा पार्ले-अंधेरीच्या मंडळींना आता गाडीची सबब राहिलेली नाही. हुतात्मा चौक किंवा विधान भवन स्टेशनला उतरलात तर तिथून गेटवे चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सामान जास्त असेल तर एकाने टॅक्सीने पुढे या, बाकीचे मागून. गाडी आणायचीच असेल तर बुकिंगच्या वेळेआधी तासभर कुलाब्यात असा. डिसेंबरच्या सुरुवातीला नौदल दिनाचे कार्यक्रम गेटवेवरच असतात, जानेवारीतल्या एका रविवारी मॅरेथॉन असते, शिवाय 31 डिसेंबर आहेच. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, त्यामुळे आम्ही गाडीने येणाऱ्यांचं बुकिंग घेतच नाही.

गेटवेवर बॅगा तपासतात. प्रत्येकाने फोटो ओळखपत्र जवळ ठेवा, लहान मुलांचंही. बोटीवर कोण कोण आहे याची यादी आम्ही निघण्याआधी लिहून घेतो. “अजून एक मित्र आयत्या वेळी येतोय” हे चालत नाही. बोटीची क्षमता आठची असेल तर नववा माणूस किनाऱ्यावर राहील, तो कितीही बारीक असला तरी.

अलिबागजवळच्या मांडव्याहून बोट घेणाऱ्यांचं बरं आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरता येतं, गाडी लावायला तिथे जागाही मिळते. फक्त रो-रोचं तिकीट आणि आमची वेळ यांच्यात दीड तासाचं अंतर ठेवा.

भरती-ओहोटी

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. म्हणजे सकाळी ज्या पायरीवरून तुम्ही डिंगीत सहज पाऊल टाकलंत, ती संध्याकाळी डोक्याच्या बरीच वर असते, आणि मधल्या साऱ्या पायऱ्या शेवाळलेल्या. आमच्याकडे लोक घसरले ते भर समुद्रात नाही, ते याच पायऱ्यांवर. चपला, हिल्स, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. मागच्या पट्ट्याचे रबरी सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. एक हात मोकळा हवा. म्हणजे मोबाइल खिशात, आणि मूल कडेवर घेऊन उतरायचं नाही. मुलाला आमचा खलाशी खालून घेईल.

भरतीची वेळ काढायला अॅप आहेत, ती वापराच. पण कोळीवाड्यातला पाऊणकीचा हिशेब माहीत असलेला बरा, कारण त्याला फक्त भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला पुरतं.

आता हाच हिशेब आमच्या कामाला लावून बघा. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर जातं आणि सगळ्यात खालीही. त्या दिवशी भरती दुपारी, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. संध्याकाळी परतणारे नेमके महिन्यातल्या सगळ्यात कमी पाण्यात धक्क्याला लागतात. चांदण्याच्या हौसेने लोक पौर्णिमेचा रविवार मागतात आणि त्याच संध्याकाळी पायऱ्या सगळ्यात वाईट असतात. आजी-आजोबांना आणायचं असेल किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर अष्टमीच्या आसपासचा दिवस मागा. तेव्हा भांगाची भरती असते, चढ-उतार बराच कमी, आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. त्या तारखांना मागणी कमी, त्यामुळे बोटही सहज मिळते.

घारापुरीला जाणाऱ्यांनीही हे बघूनच निघावं. तिथे ओहोटीला कडेने चिखल उघडा पडतो. (लेणी सोमवारी बंद असतात. हे दरवेळी सांगावं लागतं.)

वारा हिवाळ्यात सकाळी मतलई असतो, हलका, नव्याने शीड शिकणाऱ्यांना सोयीचा. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. मार्च ते मे या दिवसांत तीन वाजता निघणाऱ्याला बारा वाजता निघणाऱ्यापेक्षा वेगळाच समुद्र भेटतो. वारा आत येतोय आणि ओहोटीचं पाणी त्याच्या अंगावर बाहेर चाललंय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. ज्यांना बोट लागते, म्हणजे मळमळतं, त्यांनी सकाळची वेळ घ्या.

लाइफ जॅकेट

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. डझनाहून अधिक माणसं गेली. दुपारची वेळ, स्वच्छ उजेड, समुद्र शांत, आणि किनारा नजरेच्या टप्प्यात. त्यामुळे “आज पाणी शांत आहे” किंवा “इथूनच तर जाऊन येतो” हे कारण आम्ही ऐकून घेत नाही. जॅकेट धक्क्यावरच अंगात चढवायचं, डिंगीत बसण्याआधी. परत धक्क्यावर आल्यावर काढायचं. फोटोपुरतंही मधे काढायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हाच नियम, कारण डोक्याला मार बसून पाण्यात पडलेला माणूस पोहत नसतो.

जॅकेट नीट बसलं का ते बघायची सोपी पद्धत: चेन लावा, पट्टे आवळा, मग दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात तोंडावर येणार. लहान मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर असतं, आणि पायांमधून जाणारा पट्टा लावायलाच हवा. “पुढच्या वर्षी पण होईल” म्हणून मोठं घेऊ नका; हा शाळेचा गणवेश नव्हे. स्वतःचं जॅकेट आणणाऱ्यांनी आतल्या बाजूचा आकडा बघा. 50 न्यूटन लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरतं असतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवेलच असं नाही. आम्ही 100 किंवा त्याहून जास्तीचंच चालवून घेतो.

मोटारबोट स्वतः चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लाल रंगाची वेटोळी दोरी असते, तिचं एक टोक स्विचला आणि दुसरं तुमच्या मांडीला किंवा जॅकेटला. तुम्ही फेकले गेलात तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ती न लावता सुकाणूवर बसलेला दिसलात तर त्या दिवसाचं बुकिंग तिथेच संपलं, पैसे परत नाहीत. दुसरं, पेट्रोलचं इंजिन आत बसवलेली बोट असेल तर चालू करण्याआधी कप्प्यातला पंखा चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि ठिणगी मिळाली की पेटते. चार मिनिटं म्हणजे घड्याळातली. दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात आम्ही सुकाणू देत नाही, बोट त्याची स्वतःची असली तरी.

बंदरातली वर्दळ

मोठ्या जहाजाच्या वाटेत जाऊ नका. कंटेनरचं जहाज ब्रेक लावल्यासारखं थांबत नाही, आणि नियमांत बसणाऱ्या जहाजाच्याही नाकासमोरचं शेपाचशे मीटरपर्यंतचं पाणी त्याच्या कप्तानाला दिसत नसू शकतं. तुम्हाला ते दिसतं म्हणजे त्याला तुम्ही दिसता, असं समजू नका. वाट ओलांडायची तर काटकोनात आणि जहाजाच्या मागून. शिडाच्या बोटीला मोटारबोटीने वाट द्यायची हा नियम खरा, पण अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजासमोर तो सांगत बसायचा नाही. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी बोट तुमच्या उजव्या हाताला दिसली तर वाट तुम्ही द्यायची.

नौदलाच्या जहाजांपासून आणि गोदीपासून लांब राहा, फोटो काढायलाही जवळ जायचं नाही. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांकडे फिरकायचं नाही. दक्षिणेला कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्जच्या दीपगृहाभोवती खडक आहेत. भरतीला ते दिसत नाहीत, म्हणून तिकडे आमच्या तांडेलाशिवाय, म्हणजे बोट हाकणाऱ्या माणसाशिवाय, जायची परवानगी नाही. पाण्यात ओळीने तरंगणारे डबे किंवा फ्लोट दिसले तर खाली कोळ्यांची जाळी आहे. वळसा घालून जा. जाळं बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात अडकलं तर तुमची सहल जाते आणि कोळ्याची कमाई. नुकसानभरपाई तुमच्याकडून घेऊन आम्ही त्याला देतो, यात घासाघीस नाही.

कुणी पाण्यात पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे हाताने खूण करत राहायचं, नजर काढायची नाही. तेवढं एकच काम त्याचं. दुसऱ्याने तरंगणारं कडं फेकायचं. जवळ जाताना इंजिन न्यूट्रलमध्ये. मदतीसाठी व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसचा, 16 नंबरचा चॅनेल, फोनवरून तटरक्षक दलाचा 1554, नाहीतर 112. आमचा नंबर पावतीवर आहे, पण तो या सगळ्यांनंतर.

भाड्याच्या सगळ्या बोटी सूर्यास्ताआधी अर्धा तास मुरिंगवर परतलेल्या हव्यात. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो, त्या हिशेबाने निघा. उशिरा आलात म्हणून परतीची वेळ पुढे ढकलली जात नाही. तुमचा वेळ कमी होतो, भाडं तेच.

बोट मालकांसाठी

मुरिंगवरची बोट भरती-ओहोटीबरोबर बोयाभोवती फिरते. ती फिरली पाहिजे. मागच्या बाजूनेही दोर बांधून तिला एका जागी जखडू नका, शेजारची बोट फिरली की धडक ठरलेली. दोर जिथे कठड्याला घासतो तिथे आम्ही पाइपचा तुकडा चढवलेला असतो, तो काढून टाकू नका.

दुसरीकडे नांगर टाकून थांबणार असाल तर दोराचा हिशेब भरतीच्या खोलीवर करा. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून पाचपट म्हणजे 15 मीटर दोर सोडलात. भरतीला तिथे सात मीटर होतं आणि तुमचा 15 मीटर दोर दुपटीलाच आला. नांगर उचलला जातो, बोट सरकते, आणि मालक आत जेवत असतो. सातच्या पाचपट, म्हणजे 35 सोडा.

पावसाळ्यात मुरिंग बंद असतं. मे संपायच्या आत सगळ्या बोटी किनाऱ्यावर काढतो आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्राचा रंग बघून पुन्हा उतरवतो. शिडाच्या बोटी तर शक्यतो ऑक्टोबरात. बोट काढायला उधाणाची दुपारची भरती लागते, म्हणजे मेमधल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे मोजकेच दिवस. आपली तारीख एप्रिल संपण्याआधी कळवा. बोटीतलं पेट्रोल, बॅटऱ्या, गाद्या आणि खाण्याचे डबे मालकांनी आधी उतरवून न्यायचे आहेत. त्या दिवशी टेम्पो लागणार असेल तर त्याचा नंबर आदल्या दिवशी द्या, म्हणजे आत सोडण्याचं आम्ही बोलून ठेवू.