गोळी तीच, पोटॅशियम कमी

हृदयाचे ठोके बिघडले म्हणून सोटॅलॉल सुरू करायचं, तर डॉक्टर ईसीजीबरोबर रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बघतात. पेशंटला वाटतं, आणखी एक तपासणी लावली! पण या गोळीच्या बाबतीत तो आकडा न बघणं महागात पडू शकतं.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींमधलं पोटॅशियम बारीक वाहिन्यांमधून बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होतात. सोटॅलॉल यातली एक वाहिनी अडवतं. पेशींना सावरायला वेळ लागतो, त्यामुळे मध्येच घुसणारे ठोके विरून जातात. ईसीजीवर ‘क्यूटी’ हे अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी सावरेपर्यंतचा वेळ, लांबतं. थोडं लांबणं अपेक्षितच आहे, फार लांबलं तर मात्र ठोके सुधारायला दिलेलं औषधच ते बिघडवतं. फ्रान्सच्या देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये या बिघाडाचं वर्णन केलं. ईसीजीच्या लाटा मधल्या रेषेभोवती पीळ घातल्यासारख्या फिरतात, म्हणून नाव ‘तोर्साद द प्वाँत’. माणूस बेशुद्ध पडतो, कधी जीवही जातो.

यात पोटॅशियमचा भाग मोठा चक्रावणारा आहे. पेशीच्या आत ते लिटरला सुमारे १४० मिलिमोल असतं, रक्तात जेमतेम ३.५ ते ५. रक्तातलं आणखी घटलं तर फरक वाढून आतलं अधिक जोरात बाहेर पडायला हवं, असं कुणालाही वाटेल. ही वाहिनी नेमकी उलट वागते. बाहेर पोटॅशियम कमी असलं की तिच्यातून जाणारा प्रवाह मंदावतो. शिवाय औषधाची पकडही घट्ट होते: यांग आणि रोडेन या संशोधकांनी १९९६ मध्ये क्विनिडीन आणि डोफेटिलाइड ही याच वाहिनीवर चालणारी औषधं वापरून ते दाखवलं. डोस तोच, पण परिणाम वाढलेला.

म्हणूनच सोटॅलॉल घेणाऱ्याला दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, किंवा सूज उतरायला फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी जोडली, तर पोटॅशियम शरीराबाहेर जातं, म्हणून डॉक्टरांना कळवायलाच हवं. आपल्याकडे लगेच शहाळं आणलं जातं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पण किडनी अधू असेल तर पोटॅशियम भलतंच चढतं, आणि सोटॅलॉलही किडनीवाटेच बाहेर जात असल्याने शरीरात साचतं. तेव्हा आधी रक्त तपासावं.

तोर्साद सुरू झालाच, तर शिरेतून साधारण दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देतात, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरीही.