कृष्णा नदीचे प्रदूषण नियंत्रण, सांगली जिल्हा

कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये, गेलेच तर ठरलेल्या मर्यादेत असावे आणि नळाने घरी येणाऱ्या पाण्याने कोणी आजारी पडू नये, यासाठी असलेले कायदे, यंत्रणा व चाचण्या. कराडला कोयना मिळाल्यावर कृष्णा वाळवा व पलूस तालुक्यांतून सांगलीला येते. हरिपूरला तिला वारणा मिळते आणि ती म्हैसाळकडे जाते. वाटेत बहे, नागठाणे, सांगली, म्हैसाळ येथे बंधारे आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात नदी वाहती राहत नाही, तिची एकापुढे एक लांबट तळी होतात. याच तळ्यांत नाले उतरतात आणि याच तळ्यांतून शहरे व गावे पिण्याचे पाणी उचलतात. जिल्ह्यातल्या प्रदूषणाच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या रचनेत आहे.

कायदा व यंत्रणा

महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये, जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा जल कायदा राज्यात १९८१ पासून लागू आहे. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत असून ते कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. सातारा मात्र पुणे विभागात. नदी एकच असताना तिचा वरचा आणि खालचा भाग दोन विभागांत गेल्याने कराडकडून आलेल्या पाण्याचा माग काढताना पत्रव्यवहारातच वेळ जातो.

उद्योगाला उभारणीपूर्वी 'स्थापना संमती' आणि उत्पादनापूर्वी 'संचालन संमती' घ्यावी लागते. किती पाणी वापरायचे, किती व कुठे सोडायचे हे संमतीपत्रात आकड्यांत लिहिलेले असते. उल्लंघन झाल्यास कारणे दाखवा नोटीस, बँक हमी जप्त करणे आणि शेवटी कलम ३३अ खाली वीज व पाणी तोडून कारखाना बंद करण्याचा आदेश, अशी चढती कारवाई होते. मूळ कायद्यात नदी दूषित करणाऱ्याला दीड ते सहा वर्षे कैद होती. २०२४ च्या दुरुस्तीने तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याने ठराव करून ही दुरुस्ती स्वीकारायची असते. राज्याने २००० मध्ये नदीकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण आणले होते. ते २०१५ मध्ये रद्द झाले. कृष्णेसारख्या बंधाऱ्यांच्या नदीसाठी हा तोटाच झाला.

साखर कारखाने व मळी

साखर कारखान्याच्या सांडपाण्यात साखरेचा अंश, तेल आणि धुण्याचा कॉस्टिक सोडा असतो. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रक्रिया केलेले सांडपाणी गाळलेल्या टनभर उसामागे १०० लिटर आणि शीतकरणाचे पाणी आणखी १०० लिटर, एवढीच मुभा आहे. नदीत सोडताना बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि जमिनीवर सोडताना १०० च्या आत हवा. शेताला पाणी नको असेल तेव्हा साठवण्यासाठी १५ दिवसांचे, झिरपणार नाही असे अस्तर दिलेले तळे लागते.

याच अधिसूचनेत शुद्धीकरण यंत्रणा हंगामाच्या एक महिना आधी स्थिर करावी व हंगामानंतर महिनाभर चालू ठेवावी, असे आहे. हे कलम सगळ्यांत जास्त मोडले जाते. वायुवीजन (हवा खेळवण्याच्या) टाकीतले घाण खाणारे जिवाणू शेणकाला घालून वाढवावे लागतात, त्याला आठवडे लागतात. बॉयलर पेटल्यावर टाकी सुरू केली तर पहिले काही दिवस पाणी जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. दुसरी चूक सफाईच्या दिवशी होते. कॉस्टिकचे पाणी समीकरण टाकीत (सांडपाणी एकसारखे करणाऱ्या टाकीत) हळूहळू न मिसळता एकदम सोडले की सामू (पीएच) चढतो आणि आधी जगलेले जिवाणूही मरतात. विजेची बचत म्हणून रात्री टाकीला हवा देणारे एरेटर बंद ठेवले तरी तेच होते.

आसवनीचा (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचा) स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेले सांडपाणी, याहून कितीतरी तीव्र. त्याचा बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम असतो, आणि लिटरभर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. म्हणून आसवन्यांना 'शून्य विसर्ग' बंधनकारक आहे: बायोगॅस काढून उरलेले पाणी आटवायचे आणि प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करायचे किंवा बॉयलरमध्ये जाळायचे. खताचे यार्ड पावसाळ्यापूर्वी मोकळे केले नाही, तर पहिल्या वळवात ते ओढ्यांतून नदीत येते. गावात याला 'मळीचे पाणी' म्हणतात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे तडफडू लागतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता.

शेरीनाला

मासे मेले की चर्चा होते. माणसे आजारी पडतात ती मुख्यतः मैल्याच्या पाण्याने, आणि ते बाराही महिने येते. सांगली शहराचे सांडपाणी घेऊन शेरीनाला कृष्णेला मिळतो. ते उपसून धुळगावकडे नेण्याची आणि तिथे शुद्ध करून शेतीला देण्याची योजना आहे. अशा योजनेचा कच्चा दुवा पंप हा असतो. वीज गेली, पंप बिघडला किंवा पावसाने नाला फुगला की पाणी बांधावरून थेट नदीत जाते. त्यामुळे उपसा केंद्राला स्वतंत्र वीजवाहिनी, जनित्र आणि राखीव पंप हवेतच. पाणीपुरवठा करणारी आणि सांडपाणी सोडणारी संस्था एकच, महापालिका, असल्याने इथे नियमन खरे अवघड जाते.

नमुना आणि पुरावा

कायदेशीर नमुना जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो: जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला तिथेच नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर मोहोर व सह्या. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहता भरून जागेवरच रसायने घालून स्थिर करतात. बीओडीची बाटली बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवतात. भारतीय पद्धतीत बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांनी मोजतात. मासे तरंगल्यावर तासाभरात नमुना घेतला नाही तर दूषित लोंढा पुढे सरकलेला असतो, किंवा धरणातून पाणी सोडल्याने विरळ झालेला असतो. नागरिकाने भरलेली बाटली खटल्यात सहसा टिकत नाही; वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग, वास आणि छायाचित्रे यांची नोंद मात्र उपयोगी पडते. कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोणालाही न्यायालयात तक्रार करता येते. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे पाच वर्षांत जाता येते.

आरोग्य

नदीतला मैला वाढला की जलशुद्धीकरण केंद्रातला क्लोरीन आधी अमोनिया आणि सेंद्रिय घाणीतच खर्च होतो. अमोनिया निकामी करायलाच त्याच्या वजनाच्या आठ ते दहा पट क्लोरीन लागतो. नेहमीचाच डोस दिला तर नळाच्या टोकाला काहीच उरत नाही. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन हवा. गावात जलसुरक्षक (पाणी शुद्ध करण्याचे काम पाहणारा गावचा कर्मचारी) तो ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने पाहतो: पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर उघडी किंवा ओलसर ठेवली की तिची ताकद उतरते. २० टक्क्यांखाली क्लोरीन असलेली पावडर वापरू नये. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत ओतून, अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे.

कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो, विषमज्वर एक-दोन आठवड्यांत. कावीळ 'ई' (हिपॅटायटिस ई) ला मात्र दोन ते आठ आठवडे लागतात. रुग्ण वाढल्यावर घेतलेला पाण्याचा नमुना म्हणूनच अनेकदा निर्दोष निघतो आणि 'पाणी चांगले आहे' असा अहवाल जातो. अशा वेळी दीड महिन्यामागच्या नोंदी काढाव्या लागतात: उपसा केंद्र किती तास बंद होते, ओटी चाचणी कोणत्या भागात नकारात्मक आली, जलवाहिनी गटारीजवळ कुठे फुटली. कावीळ 'ई' शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतींच्या जिवावर बेतते. त्यामुळे साथीत आशा सेविकांनी सर्वप्रथम त्यांच्या घरी जाऊन पाणी उकळून देण्याची सोय पाहणे आवश्यक असते.