पाचव्या राज्याची वाट पाहणारे: सतराव्या शतकातल्या इंग्लंडचे संदेष्टे

जगाच्या अंताची तारीख सांगणारा म्हटलं की रस्त्याच्या कडेला ओरडणारा एखादा भ्रमिष्ट डोळ्यांसमोर येतो. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात मात्र हे गणित आधी मांडलं ते विद्वानांनी. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजातले जोसेफ मीड हे अत्यंत शांत, अभ्यासू गृहस्थ. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाची, म्हणजे प्रकटीकरणाची, उकल करणारा त्यांचा लॅटिन ग्रंथ १६२७ साली निघाला. ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य म्हणजे चर्चचाच काळ, तो केव्हाच सुरू झालाय, असं संत ऑगस्टिनपासून मानलं जात होतं. मीड म्हणाले, नाही, ते राज्य अजून यायचंय, आणि याच पृथ्वीवर यायचंय. १६४३ साली त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर आलं, तेही पार्लमेंटच्या समितीच्या आज्ञेने.

हिशेबाची रीत फारशी अवघड नव्हती. प्रकटीकरणात १२६० दिवसांचा उल्लेख येतो. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं आणि रोमच्या पोपची सत्ता सुरू झाली त्या सालात ते मिळवायचे. सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नव्हतं, त्यामुळे उत्तरंही वेगवेगळी निघत. तरी दोन सालांवर लोकांचं विशेष लक्ष होतं. १६५६, कारण उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वंशावळींची बेरीज केली तर नोहाचा महापूर सृष्टीच्या १६५६व्या वर्षी येतो. आणि १६६६, कारण त्यात प्रकटीकरणातल्या देवद्रोही श्वापदाचा आकडा ६६६ उघड दिसतो.

याला जोड बायबलमधल्याच दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाची. नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातला तो पुतळा: डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलांत लोखंडाबरोबर माती. म्हणजे बाबेल, पारस, ग्रीस आणि रोम ही चार राज्यं. मग कुणाचाही हात न लागता एक दगड सुटतो आणि पुतळ्याचा चुरा होतो. ते पाचवं राज्य, ख्रिस्ताचं. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं उडवलं गेलं, तेव्हा अनेकांना वाटलं की तो दगड सुटला.

ही कल्पना कॉलेजातून गल्लीत उतरली त्याचं मोठं कारण छापखाना. १६४१ मध्ये सेन्सॉरची यंत्रणा कोसळली आणि ज्याला जे सुचेल ते तो छापू लागला. जॉर्ज थॉमसन नावाचा लंडनचा पुस्तकविक्रेता त्या काळातली चोपडी-पत्रकं नेमाने जमवत होता. वीसेक वर्षांत त्याच्याकडे बावीस हजारांहून अधिक नग जमले. त्यात शिंपी, चांभार, सैनिक यांची लिखाणं आहेत आणि बायकांचीही. बायकांना चर्चमध्ये प्रवचन करायची मुभा नव्हती. पण ‘तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील’ हे बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचं वचन होतंच. बाई स्वतः बोलत नाही, देव तिच्या तोंडून बोलतो, एवढं मान्य झालं की तिला गप्प बसवणं कठीण.

या वाटेवर लेडी एलिनॉर डेव्हिस फार आधीच चालू लागल्या होत्या. ‘न्यायाच्या दिवसाला साडेएकोणीस वर्षं उरली’ असं दानीएलच्या आवाजात आपल्याला सांगितलं गेलं, असा त्यांचा दावा. साल १६२५. स्वतःच्या नावातली अक्षरं फिरवून त्यांनी ‘हे दानीएल, प्रकट कर’ असा अर्थ काढला होता. १६३३ साली खटल्यात एका न्यायाधीशाने त्याच नावाची अक्षरं उलटीपालटी करून ‘एवढी वेडी बाई दुसरी नाही’ असं वाक्य बनवलं आणि कोर्टात हशा पिकला. बाई तुरुंगात गेल्या. पण जुलै १६२५ पासून साडेएकोणीस वर्षं मोजली की जानेवारी १६४५ येतो, आणि त्याच महिन्यात त्यांचा वैरी, आर्चबिशप लॉड, याचा शिरच्छेद झाला. एलिनॉरबाईंनी ही गोष्ट सगळ्यांना आठवण करून द्यायचं सोडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाचव्या राज्याच्या लोकांचं राजकारण १६५३ मध्ये ऐन भरात होतं. मेजर-जनरल थॉमस हॅरिसन त्यांचा माणूस. निवडणुकीऐवजी धार्मिक मंडळींतून नेमलेली १४० जणांची सभा जुलैमध्ये बसली. संतांचं राज्य हेच, असं त्यांना वाटलं. डिसेंबरात ती गुंडाळली गेली आणि सेनापती क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’, म्हणजे देशाचा सर्वोच्च कारभारी, झाला. काल ज्याला देवाचा सेनापती म्हणत होते तोच आज दानीएलच्या पुस्तकातल्या श्वापदाचं ‘लहान शिंग’, म्हणजे देवाचा वैरी, ठरला!

पुढच्याच महिन्यात अ‍ॅना ट्रॅपनेल व्हाइटहॉलला आली. लंडनच्या पूर्वेकडच्या पॉप्लरची, जहाज बांधणाऱ्या सुताराची ही मुलगी. एका उपदेशकाची चौकशी चालली होती, ती ऐकायला ती बसली होती. तिथेच तिची समाधी लागली. शेजारच्या खाणावळीत तिला बिछान्यावर निजवलं आणि बारा दिवस ती तिथेच होती. डोळे मिटलेले, तोंडून प्रार्थना आणि पद्यं. पहिले काही दिवस अन्न नाही, नंतर चोवीस तासांतून एकदा पातळ बिअरमध्ये भिजवलेला पावाचा तुकडा. उशाशी बसून एक जण जमेल तेवढं उतरून घेत होता. मधूनच आवाज क्षीण झाला की ओळी सुटत, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. क्रॉमवेलच्या महालापासून हाकेच्या अंतरावर त्याच्याविरुद्धची ही वाणी ऐकायला गर्दी लोटली. नंतर कॉर्नवॉलमध्ये तिला पकडून लंडनच्या ब्राइडवेल तुरुंगात ठेवलं.

ज्याची वाट पाहिली ते १६५६ आलं आणि महापूर काही आला नाही. आला तो जेम्स नेलर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा प्रभावी वक्ता. ऑक्टोबरात तो भर पावसात घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला. सोबतचे अनुयायी गुडघाभर चिखलातून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणत चालले होते. यरुशलेममधल्या येशूच्या प्रवेशाची ती नक्कल उघड होती. प्रत्येकाच्या अंतरात ख्रिस्ताचा प्रकाश आहे, मी त्याची फक्त खूण दाखवली, असं नेलरचं म्हणणं. पार्लमेंटने अनेक दिवस त्याच्यावरच खल केला. देहदंडाच्या बाजूने ८२ मतं, विरोधात ९६. जीव वाचला, पण तीनशेहून अधिक फटके, तापल्या सळीने जिभेला भोक आणि कपाळावर ईश्वरनिंदकाची खूण म्हणून ‘बी’ अक्षराचा डाग. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं क्रॉमवेलने पत्र लिहून पार्लमेंटला विचारलं. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचा प्रश्न तेवढाच होता.

१६६० साली मारल्या गेलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर परतला आणि हॅरिसन फासावर गेला. पुढच्या जानेवारीत थॉमस व्हेनर नावाचा पिंपं बनवणारा कारागीर जेमतेम पन्नास माणसं घेऊन ‘येशू राजा’चा जयघोष करत लंडनच्या रस्त्यावर उतरला. काही दिवस त्यांनी शहराला वेठीस धरलं. एवढ्याशा टोळीने शहराच्या पलटणी हटवल्या, याचं पेपीसने रोजनिशीत नवल केलंय. व्हेनरला देहदंड झाला, पण त्याच्या बंडाचे परिणाम त्याच्या कल्पनेपलीकडचे निघाले. मोडीत काढायच्या सैन्यातल्या तुकड्या राजाने राखल्या आणि इंग्लंडच्या कायमच्या फौजेचा पाया पडला. कोल्डस्ट्रीम गार्ड्स त्यातलेच. दुसरीकडे हजारो क्वेकर निव्वळ संशयावरून तुरुंगात गेले. त्यांनी त्याच महिन्यात जाहीर केलं, की कोणत्याही राज्यासाठी, अगदी ख्रिस्ताच्याही, आम्ही शस्त्र धरणार नाही. क्वेकरांची जगप्रसिद्ध शांततावादी भूमिका अशी धरपकडीच्या धामधुमीत लिहिली गेली.

१६६६ मध्ये लंडन जळालं, पण ख्रिस्त आला नाही. आवाज हळूहळू अंतर्मुख झाले. जेन लीडच्या फिलाडेल्फियन मंडळींनी जर्मन गूढवादी याकोब ब्योमचं लेखन पुढे नेलं. १७०७ च्या डिसेंबरात फ्रान्समधून आलेल्या संदेष्ट्यांचा एक इंग्रज अनुयायी, थॉमस एम्स, वारला. तो २५ मे १७०८ रोजी कबरीतून उठेल असं जाहीर झालं होतं. बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत बघ्यांची गर्दी झाली. तो उठला नाही.

सगळ्यांत चिवट निघाले ते मगल्टनवाले. फेब्रुवारी १६५२ मध्ये जॉन रीव्ह आणि लॉडोविक मगल्टन या दोन शिंपी बंधूंनी (चुलत) आपण प्रकटीकरणातले शेवटचे दोन साक्षीदार असल्याचं सांगितलं. देवाला माणसासारखं शरीर आहे, उंची माणसाएवढीच, आणि तो रोजच्या कारभारात लक्ष घालत नाही. मग प्रार्थना कशाला? प्रवचन नाही, प्रचार नाही, चर्च नाही. दारूच्या गुत्त्यात जमायचं, आपली पदं म्हणायची, आणि जो टवाळी करील त्याला कायमचा शाप द्यायचा. तारीख दिलीच नव्हती, म्हणून ती चुकण्याचा प्रश्न आला नाही. केंटमधले शेतकरी फिलिप नोक्स हे त्यांच्यातले शेवटचे समजले जातात. ते १९७९ साली वारले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत त्यांनी पंथाची दप्तरं लंडनहून सफरचंदांच्या खोक्यांत भरून आपल्या शेतावर नेली होती. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.