आर्नोकाठची करवीरची छत्री: राजाराम महाराजांच्या फ्लॉरेन्समधील स्मारकाची पार्श्वभूमी

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेला काशीने नावाचे लांबलचक उद्यान आहे आणि ते जेथे संपते तेथे मुन्योने ही लहान नदी आर्नो नदीला मिळते. या संगमावर खांबांवर पेललेली घुमटाकार छत्री असून तिच्याखाली एका तरुण राजाचा, वस्त्रालंकारांसह रंगवलेला अर्धपुतळा बसवलेला आहे. हा पुतळा करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचा आहे. येथे कोणाचेही दफन झालेले नाही. जेथे महाराजांची चिता पेटली ती ही जागा आहे.

महाराजांचा जन्म 1850 सालचा, पाटणकर घराण्यातला. मूळ नाव नागोजीराव. 1857 च्या उठावानंतर ब्रिटिशांनी एकनिष्ठ संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला आणि त्याच सवलतीच्या आधारे करवीरचे तत्कालीन छत्रपती बाबासाहेब महाराजांनी 1866 मध्ये मृत्यूपूर्वी आपल्या या भाच्याला दत्तक घेतले. दत्तकाच्या प्रश्नावरून साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे करवीरच्या दृष्टीने या एका मंजुरीचे मोल किती होते ते कळते. दत्तक राजा अल्पवयीन असल्याने कारभार मात्र पोलिटिकल एजंट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती राहिला आणि महाराजांचे शिक्षण इंग्रजी पद्धतीने झाले.

1870 मध्ये महाराज इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो अशी समजूत घट्ट असण्याच्या काळात विलायतेची वाट धरणाऱ्या पहिल्या हिंदी संस्थानिकांपैकी ते एक होत. त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले आणि पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनाही ते भेटले. प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. सोबत असलेले ब्रिटिश अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून 1872 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. महाराजांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात ते या रोजनिशीतून, आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत वेस्ट यांच्या लेखणीतून, म्हणजे दोन्ही इंग्रजीतूनच. करवीरच्या इतिहासाच्या अभ्यासकाने ही मर्यादा सतत ध्यानात ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

परतीच्या वाटेवर ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे महाराजांचे दुखणे बळावले. तशाच अवस्थेत ते फ्लॉरेन्सला पोहोचले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी तेथील हॉटेलात त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे होते. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते आणि कॅथलिक प्रथेप्रमाणे तेथे मृतांचे दफनच होई. पाश्चात्त्य पद्धतीच्या दाहगृहातील इटलीतील पहिले दहन मिलान येथे झाले ते 1876 मध्ये. त्यामुळे उघड्यावर चिता रचण्यासाठी अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवावी लागली. सोबतच्या मंडळींनी हिंदू विधीप्रमाणे, नदीकाठीच दहन व्हावे हा आग्रह सोडला नाही आणि प्रयागासारख्या संगमाला धर्मात जे स्थान आहे त्याला साजेशी जागा त्यांना शहराच्या टोकाला मिळाली. त्याच रात्री अंत्ययात्रा काशीनेत नेण्यात आली आणि रात्रीची वेळ असूनही ती पाहण्यास शहरातील लोक जमले. रक्षेचा काही भाग गंगेत विसर्जन करण्यासाठी वेगळा ठेवण्यात आला. कोल्हापूरच्या पंचगंगेच्या घाटावर ज्यांचे अंत्यसंस्कार व्हायचे, त्यांच्यासाठी परमुलखात, परक्या भाषेत परवानग्या मागत इतके सगळे घडवून आणणाऱ्या त्या मूठभर करवीरकरांची नोंद इतिहासाने अधिक आदराने घ्यायला हवी.

छत्री 1874 मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आणि पुतळा फ्लॉरेन्समध्ये काम करणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. मँट हे नाव कोल्हापुरात परके नाही. टाऊन हॉल, आज सीपीआर म्हणून ओळखले जाणारे रुग्णालय आणि 1884 मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा ही त्यांचीच कामे. कमानी, घुमट आणि छत्र्या ही देशी अंगे युरोपीय रचनेत गुंफण्याची त्यांची शैली शहरात ठायी ठायी दिसते आणि फ्लॉरेन्सची छत्री तिचाच लहान, दूरदेशी गेलेला नमुना आहे.

फ्लॉरेन्सकरांनी हे स्मारक आपलेसे केले ते ‘इंडियानो’ म्हणजे ‘हिंदी माणूस’ या नावाने. जवळच आर्नोवर 1970 च्या दशकात बांधलेल्या, केबलांनी तोललेल्या पुलाचे नावही ‘पोन्ते आल इंडियानो’ असेच आहे. त्या नावात कोल्हापूर नाही आणि राजारामही नाही. इकडे कोल्हापुरात शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम आणि शाहू महाराजांचे पुत्र राजाराम यांच्या मध्ये हे दुसरे राजाराम अनेकदा हरवतात, वास्तविक राजाराम हायस्कूल आणि त्यातून पुढे 1880 मध्ये उभे राहिलेले राजाराम कॉलेज ही नावे त्यांचीच आठवण आहेत.

या अकाली मृत्यूचा परिणाम स्मारकापुरता उरला नाही. महाराजांना पुत्र नव्हता. 1871 मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराजही अल्पवयीन होते आणि 1883 च्या डिसेंबरमध्ये अहमदनगर येथे ब्रिटिशांच्या देखरेखीत असताना त्यांचा अंत झाला. मार्च 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतराव, म्हणजेच शाहू महाराज, दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. मँट यांच्या कोल्हापुरातील इमारती आणि आर्नोकाठची छत्री, दोन्ही या मधल्या काळातल्या, म्हणजे करवीरच्या गादीच्या नावाने कारभार दुसरेच चालवत असतानाच्या आहेत.