स्क्रीनवर पोपटी, कागदावर शेवाळी

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी त्यांना फोटोबुक करून द्यायचं ठरवलं. नुसते एकापाठोपाठ एक फोटो नाही, पूर्ण डिजिटल स्क्रॅपबुक, म्हणजे मागे त्यांच्या लग्नातल्या पैठणीच्या काठाचा स्कॅन, त्यांच्याच अक्षरातली पुरणपोळीची कृती, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराचं दार, असं सगळं थरावर थर ठेवून केलेली ४० पानं. दोन महिने रात्री बसून केली. पहिली प्रत हातात आली तेव्हा खरंच रडू आलं. सगळी पानं काळवंडलेली, नवरात्रातल्या फोटोत नणंदेची पोपटी चणियाचोळी शेवाळासारखी, आणि एका पानावर मामंजींच्या फेट्याचा तुरा चक्क कापलेला. लॅबवाले भाई शांतपणे म्हणाले, "बेन, ब्लीड नथी राख्युं." म्हणजे कापायला कडेने जादा जागा ठेवलेली नाही. फाइल मीच तशी दिली होती. मग मी यातली एकेक गोष्ट अशी का होते ते समजून घेत गेले, आणि यामागचं विज्ञान इतकं छान आहे की ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

आधी काळवंडण्याचं बघू, कारण हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं. स्क्रीन स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही, कागदावर जेवढा उजेड पडेल त्यातलाच तो परत पाठवतो. बऱ्याच लॅपटॉपचा स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ३०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास उजळतो (पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं हे माप). घरात रात्री बऱ्यापैकी उजेड असेल, समजा ३०० लक्स (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप), तर तिथे ठेवलेला पांढराशुभ्र कागद जेमतेम ८५ कँडेला परत देतो. म्हणजे तिपटीपेक्षा जास्त फरक! आपण रात्री अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसवर पान बनवतो, ते आपल्याला उजळ दिसतं म्हणून आपण त्याला अजून थोडं गडद करतो, आणि मग छापून आल्यावर चेहरे दिसत नाहीत. उपाय साधा आहे, स्क्रीनच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद धरायचा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. मी हे केल्यावर माझी निम्मी पानं मलाच अंधारी वाटायला लागली.

आता पोपटी रंगाचं. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिसळून रंग करतो, जितका प्रकाश वाढवाल तितकं पांढऱ्याकडे जातं. शाईचं उलटं असतं, पांढऱ्या कागदावर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई बसते आणि प्रत्येक शाई प्रकाशातला काही भाग गिळून टाकते, उरलेला तेवढा आपल्या डोळ्यापर्यंत येतो. त्यामुळे स्क्रीनला जमणारे सगळे रंग शाईला जमत नाहीत, झळाळता हिरवा, विजेसारखा निळा, भडक केशरी हे तिच्या आवाक्याबाहेरचे. यंत्राला असा रंग मिळाला की ते आपल्या जवळचा जमेल तो रंग लावून मोकळं होतं, आणि इथे अजून एक नुकसान होतं जे माझ्या पटकन लक्षात आलं नव्हतं, आवाक्याबाहेरच्या चार वेगवेगळ्या छटा एकाच छटेवर येऊन आदळतात. म्हणून चणियाचोळी नुसती फिकी नव्हती, तिच्या चुण्या आणि आरसेही गायब होते.

बडोद्याच्या माणसाला खरं तर ही अडचण ओळखीची वाटायला हवी. लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, आणि आपल्या आजीच्या देवघरात त्याच्याच छापील लक्ष्मी-सरस्वती होत्या. ही चित्रं छापून घरोघरी पोचवावीत असं त्याला सुचवणारे सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण होते. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून कागद पुन्हा पुन्हा दाबायचा, केसाइतका सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर. आणि सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या शिक्षणसंस्थेत दादासाहेब फाळके फोटोग्राफी आणि छपाई शिकले ते याच गावात. ऑरिजिनल एक आणि छापील दुसरं, हे अंतर कमी कसं करायचं हाच त्या सगळ्यांचा उद्योग होता.

रंगांच्या बाबतीत अजून एक, फाइल स्वतःहून शाईच्या रंगांत म्हणजे सीएमवायकेमध्ये बदलून देऊ नका, लॅबने मागितली तरच द्या. बऱ्याच अल्बम लॅब एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतली जेपेग (फोटोची नेहमीची फाइल) मागतात, कारण पारंपरिक फोटो पेपर असेल तर तिथे शाई नसतेच, लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशानेच कागदावर चित्र उमटवतात आणि मग ते रसायनात धुतात. लॅबकडे त्यांच्या कागदाची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कोणता रंग कसा उमटतो हे सांगणारी छोटी फाइल, असेल तर ती नक्की मागून घ्या, ती लावली की छापल्यावर काय दिसेल त्याचा बराचसा अंदाज स्क्रीनवरच येतो.

पिक्सेलचं गणित मात्र अगदी सरळ आहे. साधारण चांगल्या नजरेला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात १ मिनिटाचा कोन लागतो, म्हणजे १ अंशाचा साठावा भाग. पुस्तक आपण ३० सेंटिमीटरवर धरतो, तिथे हा कोन भरतो ०.०८७ मिलिमीटर, आणि १ इंचात असे साधारण २९० ठिपके बसतात. सगळे जो ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) ३०० डीपीआय म्हणतात तो इथून पटतो. १२ बाय १२ इंचाच्या पानाला ३६०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. फोनचा १२ मेगापिक्सेलचा ४००० बाय ३००० चा फोटो १३ बाय १० इंचांपर्यंत आरामात जातो, पण फॅमिली ग्रुपवर येता येता तोच फोटो १६०० बाय १२०० झाला असेल तर ५ इंचांच्या पुढे ताणू नका. आणि कृपा करून सॉफ्टवेअरमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहून सुटका झाली असं समजू नका, त्याने फक्त लेबल बदलतं, पिक्सेल तेवढेच राहतात. नातेवाइकांकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे पाठवताना तो लहान होत नाही. जुना २ बाय ३ इंची ब्लॅक अँड व्हाइट फोटो तिप्पट मोठा करायचा असेल तर स्कॅन ९०० डीपीआयवर करा.

जेपेगचंही सांगते. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि डोळ्याला फारसे कळणार नाहीत ते बारकावे टाकून देतं, रंगाचे तर उजेडापेक्षा जास्त टाकतं, कारण आपला डोळा रंगाच्या बारकाव्यात कच्चा आहे. एकदा चालतं. पण उघडलं, थोडं बदललं, सेव्ह केलं, परत उघडलं असं दहा वेळा केलं की अक्षरांच्या कडेने मुंग्या लागल्यासारखं दिसतं. काम थरांच्या मूळ फाइलमध्येच करा, जेपेग शेवटी एकदाच काढा.

आता फेट्याचा तुरा. पानं छापून झाल्यावर गठ्ठ्याने कटरखाली जातात आणि कागद एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतोच. म्हणून चित्र कापायच्या रेषेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवून ठेवतात, तेच ब्लीड. १२ इंची पान मग सव्वाबारा इंच होतं, म्हणजे ३६७५ पिक्सेल. ते कापलंच जाणार हे धरून तिथे फक्त पार्श्वभूमी असू द्या, आणि चेहरे, अक्षरं कापायच्या रेषेपासून निदान पाव इंच आत. कडेला बारीक पांढरी चौकट मला फार आवडायची, ती सोडून दिली, कारण ३ मिलिमीटरची चौकट १ मिलिमीटर सरकली तर एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४, आणि डोळा ते लगेच पकडतो. मधल्या शिवणीतही डिंकाच्या बांधणीत पान थोडं आत जातं, तिथे कुणाचं नाक नको. पूर्ण उघडणारा अल्बम असेल तर काळजी कमी.

मराठी मजकुराला वेगळं जपावं लागतं. शाई कागदात किंचित पसरते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं घेतली की अनुस्वार, रफार, उकार बुजतात. जाड वळणाचा फॉन्ट घ्या आणि छोटा मजकूर फिक्या पानावर गडदच ठेवा. पीडीएफ देणार असाल तर फॉन्ट आत एम्बेड झालाय का, म्हणजे फाइलमध्येच साठवला गेलाय का बघा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात आणि "लक्ष्मी"चं काय होईल सांगता येत नाही.

दुसऱ्या वेळी मी सगळं पुस्तक छापलं नाही, चार अवघड पानं एकाच शीटवर छोटी करून टेस्ट प्रिंट काढली आणि ती दुपारी खिडकीशी आणि रात्री दिव्याखाली, दोन्हीकडे पाहिली, कारण कागदाला रंग शेवटी त्या उजेडानेच मिळतो. मग पोपटी चणियाचोळीचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मीच हाताने कमी केलं, सगळ्या छटा शाईच्या आवाक्यात येईपर्यंत. आता ती स्क्रीनसारखी झळकत नाही, पण प्रत्येक चुणी दिसते आणि घेरावरचे आरसे मोजता येतात. सासूबाईंनी ते पान उघडल्यावर पहिलं तेच केलं, आरसे मोजले.